टेबलाशी बसणारी माणसे
पांढुर्णा आणि सौंसर हे मध्य प्रदेश विधानसभेचे दोन मतदारसंघ. तिथला आमदार कोण, हे पानटपरीवरही ठाऊक असते. त्याचा प्रश्न नोंदवून घेणारा, नियमात बसवणारा, खात्याकडे पाठवणारा सचिवालयातला माणूस मात्र कुणाच्या गावी नसतो. 1956 पर्यंत ही माणसे जवळच होती, जुन्या मध्य प्रदेशच्या राजधानीत, नागपुरात. 1 नोव्हेंबरला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, हा भाग मध्य प्रदेशातच राहिला आणि त्याची विधानसभा भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये भरू लागली. अशाच माणसांपैकी एक म्हणजे भाषणे शब्दशः लिहून घेणारा प्रतिवेदक. सभागृहाच्या मधोमध टेबलाशी तो गुपचूप येऊन बसतो, काही मिनिटे टिपतो, दुसरा येताच उठतो. समोर गोंधळ कितीही असो, हात थांबवायचा नाही. लोकसभेने निदान एकाचे ऋण मोकळेपणाने मानले. सचिव एम. एन. कौल 1964 मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांना सभागृहाचे मानद अधिकारी केले गेले. पुढे ते राज्यसभेवर नियुक्त झाले, आणि सहकारी शकधर यांच्यासह लिहिलेला त्यांचा संसदीय कार्यपद्धतीवरचा ग्रंथ आजही प्रमाण मानतात. अर्थात, हा मान सगळ्यांत वरच्या खुर्चीला मिळाला. लिपिक, दफ्तरी, प्रतिवेदक यांची बोळवण बहुधा शाल-श्रीफळ आणि सहकाऱ्यांच्या चहावरच होते. अध्यक्ष आसनावरून त्यांच्यासाठी दोन वाक्ये बोलले, तर कामकाजाचे एक मिनिटही जायचे नाही. प्रश्नोत्तराच्या तासात याहून जास्त वेळ नुसत्या आरडाओरडीत जातो.