नव्व्याण्णव टक्के खात्री, पण कशाची?

एप्रिल २०२५ च्या तिसऱ्या आठवड्यात एका दूरच्या ग्रहाने जगभरातील वृत्तपत्रांची पहिली पाने व्यापली. पृथ्वीपासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे अंतरावर, सिंह तारकासमूहात असलेल्या ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात जीवसृष्टीशी संबंधित रेणूंचे संकेत मिळाल्याचे केंब्रिज विद्यापीठातील डॉ. निक्कू मधुसूदन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. सूर्यमालेबाहेरील जैविक हालचालींचे हे आतापर्यंतचे सर्वांत ठळक संकेत असल्याचे विद्यापीठाच्या प्रसिद्धीपत्रकात म्हटले होते. वाराणसीच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी असलेल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने हे संशोधन केल्यामुळे भारतात त्याविषयी विशेष कुतूहल निर्माण झाले. ‘परग्रहावर जीवसृष्टी असल्याची ९९.७ टक्के खात्री’ अशा आशयाची विधाने पाहता पाहता सर्वत्र पसरली.

तथापि, त्यानंतरच्या अवघ्या तीन महिन्यांत या संकेतांवर एकामागून एक प्रश्नचिन्हे उमटली. मूळ बातमी ज्यांनी वाचली, त्यांपैकी फार थोड्या वाचकांपर्यंत ही पुढची चर्चा पोहोचली. विज्ञानाच्या बातम्या सर्वसामान्यांपर्यंत नेताना नेमके काय निसटते, हे पाहण्यासाठी हे प्रकरण तपशिलात समजून घेणे उद्बोधक ठरेल.

प्रत्यक्षात काय दिसले?

के२-१८बी हा ग्रह २०१५ मध्ये केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांतून सापडला. पृथ्वीच्या सुमारे साडेआठपट वस्तुमान आणि अडीचपटीहून थोडी अधिक त्रिज्या असलेला हा ग्रह एका लाल खुज्या ताऱ्याभोवती ३३ दिवसांत एक प्रदक्षिणा पूर्ण करतो. तो ताऱ्यासमोरून जातो, तेव्हा ताऱ्याच्या प्रकाशाचा अत्यल्प अंश ग्रहाच्या वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत येतो. वातावरणातील प्रत्येक प्रकारचा रेणू विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतो. वर्णपटातील या शोषणाच्या खुणांवरून तेथे कोणते वायू असावेत, याचा अंदाज बांधला जातो.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने केलेल्या निरीक्षणांतून २०२३ मध्ये या ग्रहावर मिथेन व कार्बन डायऑक्साइड आढळले. त्याच वेळी डायमिथाइल सल्फाइड या रेणूची एक पुसट खूणही दिसली होती. पृथ्वीवर हा वायू मुख्यत्वे समुद्रातील सूक्ष्म वनस्पतींमुळे निर्माण होतो. २०२५ मधील नव्या निरीक्षणांसाठी मधुसूदन यांच्या गटाने दुर्बिणीवरील दुसरे उपकरण वापरले. त्यात डायमिथाइल सल्फाइड, त्याचाच सोयरा असलेला डायमिथाइल डायसल्फाइड, किंवा हे दोन्ही रेणू असल्याचा संकेत मिळाल्याचे त्यांनी म्हटले. पृथ्वीच्या वातावरणात या रेणूंचे प्रमाण एक अब्जांश भागाहूनही कमी असते. तेथे ते त्याच्या हजारो पट असावे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आकड्याचा अर्थ

या निष्कर्षाची विश्वासार्हता ‘तीन सिग्मा’ असल्याचे सांगण्यात आले आणि घोळाला येथूनच सुरुवात झाली. तीन सिग्मा याचा अर्थ असा की, हे रेणू तेथे मुळीच नसते, तरी केवळ मोजमापातील चढउतारांमुळे असा संकेत दिसण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के होती. शंभरातून हा आकडा वजा करून ‘९९.७ टक्के खात्री’ असे म्हणणे सोपे असले, तरी तो या विधानाचा अर्थ नव्हे. जीवसृष्टी असल्याची खात्री तर त्याहूनही दूरची गोष्ट झाली.

एक साधे उदाहरण घेता येईल. नाणे सलग नऊ वेळा उडवले आणि नऊही वेळा छापा पडला, तर नाण्यात काही गडबड आहे असे कोणालाही वाटेल. तसे योगायोगाने घडण्याची शक्यता ५१२ मध्ये एक, म्हणजे सुमारे ०.२ टक्के असते. परंतु हजार माणसांनी प्रत्येकी नऊ वेळा नाणे उडवले, तर त्यांतील एका-दोघांना सलग नऊ छापे मिळणे अगदी स्वाभाविक आहे. तेवढ्यावरून त्यांची नाणी खोटी ठरत नाहीत. म्हणून संकेत किती ठळक आहे, याबरोबरच तो किती ठिकाणी आणि किती पर्यायांमधून शोधला गेला, हेही विचारावे लागते. भौतिकशास्त्रात ‘शोध’ हा शब्द वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे पाच सिग्माची, म्हणजे योगायोगाची शक्यता ०.००००६ टक्क्यांहून कमी असण्याची अट पाळली जाते, ती याच कारणासाठी. ही पातळी गाठण्यासाठी वेब दुर्बिणीचा आणखी १६ ते २४ तासांचा वेळ लागू शकेल, असे केंब्रिजच्या त्याच प्रसिद्धीपत्रकात नमूद होते. पहिल्या दोन परिच्छेदांपुरती वाचल्या गेलेल्या बातमीत या वाक्याला अर्थातच स्थान मिळाले नाही.

फेरतपासणीत काय घडले?

वेब दुर्बिणीची ही निरीक्षणे अन्य शास्त्रज्ञांनाही उपलब्ध होती. साहजिकच, घोषणेला काही दिवस उलटतात तोच त्यांची फेरतपासणी सुरू झाली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील जेक टेलर यांनी कोणताही विशिष्ट रेणू गृहीत न धरता वर्णपट तपासला. त्यांना तो एका सपाट रेषेशीही सुसंगत आढळला. म्हणजे त्यात रेणूंच्या ठोस खुणा आहेत, असे म्हणता येत नव्हते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातील लुइस वेलबँक्स हे मधुसूदन यांचेच माजी विद्यार्थी. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संभाव्य रेणूंची यादी सुमारे नव्वदपर्यंत वाढवून हीच आकडेवारी पडताळली, तेव्हा अनेक रेणू त्या खुणांशी जुळू लागले. प्रोपाइनसारखा साधा हायड्रोकार्बनही त्यात होता. शिकागो विद्यापीठातील राफाएल लुके यांच्या गटाने २०२३ व २०२५ ची निरीक्षणे एकत्र अभ्यासली आणि पुरावा अपुरा असल्याचा निर्वाळा दिला.

मधुसूदन यांच्या गटानेही हे आक्षेप दुर्लक्षिले नाहीत. सहाशेहून अधिक रेणूंची तुलना करून डायमिथाइल सल्फाइड हा आशादायक पर्यायांपैकी एक असल्याची भूमिका त्यांनी कायम ठेवली. दरम्यान, जुलै २०२५ मध्ये नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीतील रेन्यू हू यांच्या नेतृत्वाखालील गटाने नवी निरीक्षणे मांडली. ग्रहाच्या अंतर्भागात मोठ्या प्रमाणावर पाणी असावे, याला त्यांतून बळकटी मिळाली. मात्र डायमिथाइल सल्फाइडचा निर्णायक पुरावा मिळाला नाही. विशेष म्हणजे या निरीक्षणांत मधुसूदन यांचाही सहभाग होता. या वादाला वैयक्तिक भांडणाचे रूप देणे किती चुकीचे ठरले असते, हे एवढ्यावरूनही स्पष्ट होते.

खात्रीच्या पायऱ्या

‘किती टक्के खात्री’ या प्रश्नाआड ‘कशाची खात्री’ हा अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. के२-१८बीच्या बाबतीत किमान तीन पायऱ्या आहेत. पहिली, वर्णपटात खरोखर खूण आहे काय? दुसरी, असल्यास ती विवक्षित रेणूचीच आहे काय? आणि तिसरी, तो रेणू सजीवांनीच निर्माण केला आहे काय? तीन सिग्मा हा आकडा फार तर पहिल्या दोन पायऱ्यांविषयी आणि तोही काही गृहीतकांच्या आधारे बोलतो. तिसऱ्या पायरीविषयी तो मौन बाळगतो. युरोपच्या रोझेटा यानाने ६७पी या धूमकेतूजवळ गोळा केलेल्या माहितीत डायमिथाइल सल्फाइड असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतही कोणत्याही सजीवाविना, वायूंच्या मिश्रणावर प्रकाशाची क्रिया घडवून तो तयार करता आला आहे. गोठलेल्या धूमकेतूवर सागरी वनस्पती नसतात, हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञाची गरज नाही.

पाच सिग्मा गाठल्यानेही सर्व प्रश्न मिटतातच असे नाही. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ‘बायसेप-२’ प्रयोगाने विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा सापडल्याचे जाहीर केले. संकेत पाच सिग्मांहून अधिक ठळक होता आणि तो खराही होता. फक्त तो आपल्याच आकाशगंगेतील धुळीने निर्माण केला असल्याचे २०१५ च्या प्रारंभी प्लँक उपग्रहाच्या माहितीसह केलेल्या संयुक्त विश्लेषणातून निष्पन्न झाले. संकेताविषयीचा आकडा अचूक असूनही संकेताचा अर्थ चुकू शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

के२-१८बीने तर हा अनुभव एकदा दिलाच होता. हबल दुर्बिणीच्या निरीक्षणांवरून तेथे पाण्याची वाफ सापडल्याची बातमी सप्टेंबर २०१९ मध्ये जगभर गाजली होती. वेब दुर्बिणीची अधिक तपशीलवार निरीक्षणे हाती आल्यावर हबलला दिसलेली ती खूण बहुतांशी मिथेनची असावी, असे मत पुढे आले. ही दुरुस्ती किती वृत्तपत्रांनी त्याच आकाराच्या मथळ्यात छापली, हा प्रश्न माध्यमांनी स्वतःला विचारण्याजोगा आहे.

थांबण्याचे मोल

याउलट, संयमाचे उदाहरणही उपलब्ध आहे. अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेच्या, एकमेकींपासून सुमारे तीन हजार किलोमीटर अंतरावरील दोन वेधशाळांना १४ सप्टेंबर २०१५ रोजी गुरुत्वीय लहरींचा संकेत मिळाला. जगाला ती बातमी ११ फेब्रुवारी २०१६ रोजी कळली. मधले पाच महिने उपकरणांतील दोष, आसपासचे कंप आणि आकडेमोडीतील चुका यांची शक्यता तपासण्यात गेले. या संशोधनात पुण्याच्या ‘आयुका’तील शास्त्रज्ञांचाही वाटा होता. अशीच वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली.

परग्रहावरील जीवसृष्टीच्या प्रश्नावरही पुण्याकडे एक बोलका दाखला आहे. डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने २००१ व २००५ मध्ये हैदराबादहून महाकाय फुगे सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा करण्यात आले. हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ने व पुण्याच्या ‘राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रा’ने २००५ च्या नमुन्यांची तपासणी केली. तीत जिवाणूंच्या तीन नव्या प्रजाती आढळल्याचे मार्च २००९ मध्ये जाहीर झाले. त्यांतील एकीला नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉईल यांचे नाव देण्यात आले. हे जिवाणू अंतराळातून आले असावेत, अशी कल्पना मोहक होती आणि हॉईल यांचा सिद्धान्तही त्याच दिशेचा होता. तरीही हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरचेच असल्याचे या अभ्यासातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, असे ‘इस्रो’ने त्याच निवेदनात स्पष्ट केले होते. मे २०२५ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. महास्फोट सिद्धान्ताला आयुष्यभर आव्हान देणाऱ्या या शास्त्रज्ञाने मराठी वाचकाला विज्ञानातील मतभेद न लपवता समजावून सांगितले, याचे स्मरण या वादाच्या निमित्ताने होणे उचित ठरेल.

पणाला काय लागले आहे?

एका ग्रहाविषयीच्या बातमीत थोडी अतिशयोक्ती झाल्याने कोणाचे बिघडते, असे कोणी म्हणू शकेल. परंतु के२-१८बीविषयी वाचणाऱ्या वाचकालाच उद्या लशीचे दुष्परिणाम, औषधाची परिणामकारकता किंवा पावसाचा अंदाज यांविषयी निर्णय घ्यायचा असतो. तेथेही त्याच्यापुढे टक्केवारीच मांडली जाते. आज ‘सापडले’ आणि उद्या ‘सापडलेच नाही’ असे त्याने वारंवार वाचले, तर शास्त्रज्ञ रोज मत बदलतात, हा ग्रह त्याच्या मनात पक्का होतो. वास्तविक, शास्त्रज्ञांनी मत बदललेले नसते. अर्धवट खात्री पूर्ण म्हणून त्याच्यापर्यंत पोहोचलेली असते.

याचा दोष केवळ वार्ताहरांचा नाही. निधी व प्रतिष्ठा यांच्या स्पर्धेत विद्यापीठांची प्रसिद्धीपत्रकेही उत्साहाच्या भाषेत लिहिली जातात. संपादकाला मथळा हवा असतो आणि वाचकालाही ‘कदाचित’पेक्षा ‘आहे’ हा शब्द अधिक भावतो. म्हणूनच विज्ञानाची बातमी देताना तीन प्रश्नांची उत्तरे दिली जाणे आवश्यक ठरते : खात्री नेमकी कशाची आहे, ती स्वतंत्रपणे कोणी पडताळली आहे आणि कोणते निरीक्षण ती खोटी ठरवू शकेल? या उत्तरांनी बातमी फिकी होत नाही. नव्वद रेणूंची यादी घेऊन आपल्याच गुरूच्या निष्कर्षाची परीक्षा घेणारा शिष्य आणि ज्याच्या दाव्यावर आक्षेप आले, तोच नव्या निरीक्षणात सहभागी झालेला शास्त्रज्ञ, ही कथा परग्रहावरील जीवांच्या कल्पनेइतकीच रंजक आहे.

के२-१८बी दर ३३ दिवसांनी आपल्या ताऱ्यासमोरून जात राहील आणि दुर्बिणी त्याचा वेध घेत राहतील. उद्या त्यांना तेथे जीवसृष्टीच्या खुणा सापडोत वा न सापडोत, पहिल्या घोषणेला मिळालेली जागा शेवटच्या निष्कर्षालाही मिळाली, तरच वाचकाला विज्ञानाची पूर्ण बातमी मिळाली असे म्हणता येईल.