सायकलचं बेअरिंग हातोड्याने ठोकताय? थांबा! 'प्रेसफिट'ची भानगड नेमकी काय आहे?

पावसाळा संपला की मरीन ड्राइव्हवर पहाटेचे सायकलस्वार पुन्हा दिसू लागतात. सोबत एक आवाजही येतो. पायडल मारलं की 'टक', पुन्हा मारलं की 'टक'. दुकानात दाखवलं की बहुतेकदा उत्तर मिळतं, 'बीबी गेलाय'.

बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट. दोन्ही क्रँक ज्या आसावर फिरतात, तो आस आणि त्याची बेअरिंग फ्रेमच्या तळाशी बसतात तो भाग. दादर स्टेशनबाहेर उभ्या डबेवाल्यांच्या सायकली पाहा. त्यांच्यात आटे असलेले कप आणि सुटे छर्रे असतात. पाना लावून कप खोलायचा, छर्रे बदलायचे, ग्रीस भरायचं. फुटपाथवरचा मेकॅनिकही हे सहज करतो.

आटे गेले कुठे?

कॅननडेल कंपनीने २००० च्या सुमारास 'बीबी३०' आणलं, २००६ मध्ये ते इतरांनाही खुलं केलं. फ्रेमला ४२ मिलिमीटरचं गुळगुळीत भोक, त्यात बेअरिंग थेट दाबून बसवायचं. आस जाड, वजन कमी आणि कारखान्यात आटे पाडायचं काम वाचलं. कंपन्यांना हे शेवटचं कारण जास्त आवडलं असावं, असं माझं मत.

भोक बेअरिंगपेक्षा मिलिमीटरच्या काही शतांशांनी लहान असतं. मेकॅनिकलच्या पोरांना हे 'इंटरफिअरन्स फिट' म्हणून पेपरात येतं. भोक किंचित मोठं झालं की बेअरिंग हलतं, आवाज येतो. लहान किंवा वाकडं असलं की ते आवळलं जातं.

हातोडा का नको?

घाव एका बाजूला पडला की बेअरिंग तिरकं शिरतं आणि भोक खरवडतं. आतल्या कड्यावर बसलेला घाव छर्ऱ्यांमधून जातो, कड्यांना खळगे पडतात. म्हणजे नवं बेअरिंग बसवतानाच खराब. कार्बन फ्रेमला तर तडा जाऊ शकतो.

बेअरिंग प्रेस म्हणजे लांब स्क्रू आणि दोन चकत्या. चकती फक्त बाहेरच्या कड्यावर टेकली पाहिजे. प्रेस नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातला आट्यांचा रॉड, दोन नट आणि योग्य मापाचे जाड वॉशर चालतात. आधी भोक स्वच्छ पुसायचं, कंपनीने सांगितलं असेल तेच ग्रीस किंवा लॉकिंग कंपाउंड लावायचं आणि सावकाश आवळायचं. तिरकं जातंय वाटलं की थांबायचं.

मुंबईत हा प्रश्न जास्त बोचतो. खारी हवा आहेच, शिवाय हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून एकदा सायकल काढली की बेअरिंगमध्ये पाणी शिरलंच समजा. बेअरिंग वारंवार बदलावं लागतं आणि प्रत्येक बदलात ते भोक पणाला लागतं. म्हणून इथे रोज चालवायची सायकल आट्यांची असावी, हे माझं स्पष्ट मत आहे. स्पेशलाइज्डने २०२० च्या टारमॅक एसएल७ या रेसिंग सायकलला पुन्हा आटे दिलेच की!

प्रेसफिट आधीच घरात असेल, तर दुकानदाराला 'किती घेणार?' विचारण्याआधी 'प्रेस आहे का?' विचारा.