मोतीच्या ताटलीत आपण काय घालतो?

संध्याकाळी आमच्या वडगाव रासाईत चुली पेटल्या, की दारोदारी एक ठरलेलं चित्र दिसतं. उंबऱ्यापाशी कुत्रं शेपूट हलवत बसलेलं असतं आणि घरातली बाई जर्मनच्या ताटलीत उरलंसुरलं घालत असते. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "पहिला घास गाईचा, शेवटची भाकरी कुत्र्याची." लग्न होऊन आले तेव्हापासून मी हा रिवाज पाळला. आपण पुण्याचं काम करतोय, असंच वाटायचं.

आमचा मोती गेला, तेव्हा या समजुतीला धक्का बसला.

जत्रेचे दिवस होते. घरात पाहुणे, दोन दिवस मटणाचा बेत. भरपूर कांदा-खोबरं भाजून केलेलं वाटण, वर लसणाची फोडणी. रस्सा उरला. टाकून द्यायचा कशाला, म्हणून तीन-चार दिवस मी तो भाकरीत कुस्करून मोतीला घातला. त्यानंही ताटली चाटून पुसून लख्ख केली. मग तो एकाएकी मलूल झाला. जागेवरून उठेना. लघवी लालसर-तपकिरी होऊ लागली. मला वाटलं, ऊन बाधलं असेल. दोन दिवस तसेच काढले. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून हिरड्या दाखवल्या, त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "वहिनी, खायला काय घातलं होतं?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे." उपचार केले, पण उशीर झाला होता. मोती वाचला नाही.

मैत्रिणींनो, ज्या कांद्यावर आपल्या शिरूर तालुक्यातली कितीतरी घरं चालतात, तो कुत्र्याला विषासारखा असतो, हे चाळिशी ओलांडल्यावर मला कळलं. कांद्यातल्या घटकांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. साधारण दहा किलोच्या कुत्र्याला एकावेळी पन्नास ग्रॅम, म्हणजे एक लहानसा कांदा बाधू शकतो. लसूण तर त्याहून जहाल. शिजवला, भाजला, वाळवून पूड केली, तरी हा गुण जात नाही. कच्चा कांदा कुत्रं सहसा हुंगून सोडून देतं, पण मटणाच्या रश्श्यात विरघळलेला कांदा त्याला कसा ओळखू येणार? शिवाय त्रास लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी दिसतो, आणि तोवर आपण त्या जेवणाचं विसरूनही गेलेलो असतो.

दुसरी गोष्ट द्राक्षं, बेदाणे आणि मनुकांची. शिऱ्यातला, लाडवातला बेदाणा आपण कौतुकानं पुढे टाकतो. त्यानं कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. एखाद्याला काही होत नाही, एखाद्याला मूठभरही पुरतात. त्यामुळे इतके चालतील, असं कुणी छातीठोक सांगत नाही. यामागे द्राक्षातलं टार्टारिक आम्ल असावं, असं अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी 2021 मध्ये मांडलं. आणि बरं का, हेच आम्ल आपल्या चिंचेत भरपूर असतं! म्हणजे चिंच-गुळाची आमटीही मोतीच्या ताटलीत नको.

चॉकलेट मुलांच्या हातातून कुत्र्याच्या तोंडी जातं. त्यातल्या थिओब्रोमीनचा निचरा कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश होतो. उलट्या, धडधड, झटके, असा प्रकार होतो. चॉकलेट जितकं काळं आणि कडू, तितकं जास्त वाईट. चहा-कॉफीतलं कॅफिनही त्याच जातीचं. बिनसाखरेच्या काही च्युइंगगममध्ये आणि गोळ्यांमध्ये झायलिटॉल असतं. त्यानं कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धाडकन खाली येते, यकृतालाही धोका असतो. घरात मधुमेहाचं माणूस असेल, तर हे पाकीट वर ठेवा.

बाकीचंही आपल्या रोजच्या पाहण्यातलंच आहे. शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, त्याचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. आंब्याची कोय आणि मक्याचं दाणे काढलेलं कणीस आतड्यात अडकतं. तर्री आणि तळण यांनी स्वादुपिंडाला सूज येते. बुरशी धरलेली भाकरी "आपण नको, कुत्र्याला घाल" म्हणून टाकतो. त्या बुरशीनंही कुत्र्याला थरथर आणि झटके येऊ शकतात. आषाढात गटारीच्या दुसऱ्या दिवशी गावोगावच्या उकिरड्यांवर काय पडलेलं असतं, ते आठवून पाहा.

बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "अगं, आमची कुत्री आयुष्यभर हेच खात आली. काही होत नाही." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. एखादा घास सगळ्याच कुत्र्यांना मारत नाही. प्रमाण, कुत्र्याचं वजन, किती दिवस घातलं, यावर ते असतं. पण मी त्यांना विचारलं, "काकू, तुमची आतापर्यंत किती कुत्री गेली आणि कशानं?" त्या विचारात पडल्या. कुणी म्हणालं बाधा झाली, कुणी म्हणालं कुणीतरी काहीतरी घातलं, कुणी म्हणालं नजर लागली. खरं कारण आपण कधी शोधलंच नाही. घालणारा हात आपलाच असेल, असा संशय कुणाच्या मनात येतो?

पूर्वी मटण सणासुदीला व्हायचं. एरवी ताटलीत कोरडी भाकरी, फार तर ताकात कुस्करलेली. आता दर रविवारी रस्सा असतो, मुलांच्या खाऊची पाकिटं घरात असतात, मंगल कार्यालयामागे उष्ट्याचे ढीग असतात. म्हणजे रिवाज तोच राहिला, ताटलीतलं बदललं. माया तेवढीच आहे, तिला थोडी माहितीची जोड हवी.

दुसरी एक म्हणाली, "माणसांचे हाल आहेत आणि तुम्ही कुत्र्याचं काय घेऊन बसलात?" पण यात खर्च कुठे आहे? भाजीला फोडणी देण्याआधी दोन पळ्या बिनमसाल्याचं बाजूला काढायचं. भाकरी, साधा भात, उकडलेलं अंडं, उकडलेला लाल भोपळा, हाड काढलेली अळणी कोंबडी, यातलं घरात असेल ते घालावं. आणि हाल म्हणाल, तर आपल्याकडे उसाच्या फडात बिबट्या असतो. रात्री तो वस्तीजवळ आला, की पहिलं भुंकतं कोण? जो जीव आपल्या लेकराबाळांसाठी दारात जागतो, त्याला साधी भाकरी सुखाची मिळायला काय हरकत आहे?

चुकून काही खाल्लंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानंच जीव जाऊ शकतो. काय खाल्लं, किती आणि केव्हा, हे लक्षात ठेवा. पाकीट असेल तर सोबत घ्या आणि लगेच जनावरांच्या दवाखान्यात जा. माझ्यासारखे दोन दिवस घालवू नका.

दत्ताच्या तसबिरीत पायाशी चार कुत्री असतात, त्यांना आपण हात जोडतो. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची गोष्ट मुलांना सांगतो. आता दारात नवं पिल्लू आलंय, त्याचंही नाव मोतीच ठेवलंय. परवा माझी लेक रश्श्याचं पातेलं घेऊन त्याच्याकडे निघाली आणि उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "आई, याची भाकरी वेगळी आहे ना?"

"हो गं," म्हटलं, "डब्यात झाकून ठेवलीय."