सेट बदला म्हणे!

मंडळी, या शनिवारी जरा भांडायचं आहे. भांडण आहे 'बदलून टाका' या दोन शब्दांशी.

मोटरसायकलवर गाणी ऐकावीत की नाही, हा वाद इथे नको. होंडाने 1975 साली गोल्ड विंग आणली, पुढे तिच्यावर रेडिओ-स्पीकर बसले, तिथेच तो वाद संपला. आपल्याकडे शेगावला नाहीतर लोणारला गाडीवर जाणारी पोरं हँडलला यूएसबी-एफएमवाला सेट आणि दोन स्पीकर लावतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदीच आहे, म्हणजे सिंदखेड राजा, मेहकर करत जुन्याच रस्त्याने जायचं. सोबतीला गाणी असली तर बिघडलं कुठे? (हेल्मेटच्या आत कान बंद करून हेडफोन घालण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. असो.)

बिघडतं ते पुढे. स्पीकरमधून 'कुंईंईं' असा आवाज यायला लागतो, गॅरेजवाला दहा सेकंद ऐकतो आणि सांगतो, "सेटच गेला ना भाऊ, नवा टाकून द्या."

खामगावच्या एका मित्राच्या गाडीवर असे दोन सेट बदलून झाले. मग बॅटरी बदलली. आवाज तस्साच! गॅरेजचं नाव घेत नाही, कारण शहरातल्या चकाचक एसी सर्व्हिस सेंटरमध्येही हेच होतं, फक्त तिथे बिल छापील मिळतं.

अहो, तो आवाज काहीतरी सांगतोय ना! अ‍ॅक्सिलरेटर पिळला की कुंई वर चढते, सोडला की उतरते. म्हणजे ती सेटमध्ये जन्मलेली नाही. इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर एसी करंट तयार करतो, रेक्टिफायर-रेग्युलेटर त्याचा डीसी करतो, पण त्यावर थोड्या लाटा उरतातच. अर्थ धड नसेल तर त्या लाटा गाण्यात घुसतात. अशा वेळी नवा सेट लावला तर तोही त्याच सुरात रडणार. कुंईऐवजी टकटक येत असेल आणि तीही इंजिनाबरोबर वाढत असेल, तर स्पार्ककडे बघा. रेझिस्टरवाला प्लग काढून कोणी 'पिकअप वाढतो' म्हणून साधा प्लग आणि साधी कॅप ठोकली असेल, तर ते झालंच. आणि हँडल वळवल्यावरच गाणं बंद पडत असेल, तर हेडलाइटमागे जिथे वायर रोज दुमडते, तिथे ती आतून तुटली आहे. वरचं प्लास्टिक शाबूत, आतली तांब्याची तार खलास.

अजून एक सोपी परीक्षा. एफएमऐवजी पेन ड्राइव्ह लावा. तरीही आवाज येत असेल तर तो वायरीतून येतोय, अँटेनाचा काही संबंध नाही. फक्त रेडिओवरच येत असेल तर हवेतून. बहुतेक वेळा शेजारी लावलेला स्वस्तातला यूएसबी चार्जर त्याचा बाप असतो. या सगळ्याला एक स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

मित्राच्या गाडीवर काय निघालं? फोन चार्जरला लावलेला आणि त्याच फोनची ऑक्स वायर अ‍ॅम्प्लिफायरला. चार्जर उपटला, कुंई गायब. फोनला दोन वाटांनी अर्थ मिळत होता, आणि त्यातली अ‍ॅम्प्लिफायरची काळी वायर चेसिसच्या एका बोल्टखाली, रंगावरच आवळलेली. गाणं मोठ्याने लावून त्या काळ्या वायरीपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टीमीटर लावला तर अर्ध्या व्होल्टच्या वर! तिथे 0.1-0.2 च्या वर जाताच कामा नये. दोन्ही अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला एकाच ठिकाणी आणले, विषय संपला. दीड-दोन मीटर वायर आणि एक लग. दोन सेट आणि एक बॅटरी कशासाठी घेतली?

पैशाचं एकवेळ सोडा. प्रत्येक नव्या सेटबरोबर जुन्या वायरिंगला एक नवा जोड पडतो. पिळायचं, वरून काळी टेप, झालं. मे महिन्यात मलकापूर-नांदुऱ्याच्या उन्हात त्या टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात आत पाणी जातं. आणि फ्यूज? "फ्यूज सारखा उडतो म्हणून डायरेक्ट दिला." हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय! वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते, राजे हो. फ्यूज सेटला वाचवायला नसतो, ती वायर पेटू नये म्हणून असतो, आणि म्हणूनच तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. खोक्यावर लिहिलेल्या '500 वॉट'वर तर बोलायलाच नको. 12 व्होल्टला 500 वॉट म्हणजे 40 अँपिअरच्या वर. तुमच्या सेटची वायर बघा, ती शेवयांएवढी आहे.

आता थोडं आपल्या जमातीबद्दल. लॉग न बघता सर्व्हर रीस्टार्ट करणाऱ्याची आपण आयटीवाले ऑफिसात टिंगल करतो. त्याच आपल्या हातात गाडी आली की 'बदलून टाक यार, टाइम नाही' म्हणून कार्ड पुढे. चार वर्षं इंजिनीअरिंग केलं, ओहमचा नियम परीक्षेत लिहिला, आणि तीन-चारशे रुपयांचा मल्टीमीटर घरात नाही. मेकॅनिकला शोधायला एक तास लागतो, त्या तासाचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो, पण पार्टचे पैसे निमूट देतो. मग तो पार्टच विकणार ना! गल्लीतला जुना रेडिओ दुरुस्त करणारा माणूस फॉल्ट शोधण्याचेच पैसे घ्यायचा, त्याचं दुकान आपणच बंद पाडलं. त्यामुळे सगळा दोष गॅरेजवाल्यावर ढकलायला मी तयार नाही. त्याला सांगा, शोधायचे दोनशे वेगळे देतो, पण आधी मोजून दाखव.

हां, एक ठिकाण सोडून. मलकापूरहून बुलढाण्याला चढताना राजूर घाटात एफएम खरखरायला लागलं, तर तो फॉल्ट नव्हे. एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, मध्ये अजिंठ्याचा डोंगर आला की संपलं. त्यासाठीही कोणीतरी लांब अँटेना विकायला बसलेला असतोच. घेऊ नका. घाट संपेपर्यंत पेन ड्राइव्ह लावा.