उपकरणांचे एकच दार



भिंतीवरील विजेच्या सॉकेटला आपल्याशी इस्त्री जोडली जाणार की मिक्सर, हे ठाऊक नसते. पिन बसली की प्रवाह मिळतो. संगणकात हीच सोय साधण्यासाठी झालेल्या विचाराची ओळख या लेखात करून घेऊ.

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. सर्वसाधारण प्रोग्रॅम डिस्कला, कीबोर्डला वा प्रिंटरला थेट हात लावू शकत नाही. त्याने कर्नलकडे मागणी करावयाची असते. ही मागणी कोणत्या शब्दांत करावी, हाच खरा प्रश्न. प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी ठेवली, तर नवे यंत्र आले की जुना प्रोग्रॅम पुन्हा लिहावा लागेल.

1969 मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. उपकरणालाही फाइल मानावे, हे त्यांचे उत्तर. 'डेव्ह' नावाच्या डिरेक्टरीत प्रत्येक उपकरणाला एक नाव मिळाले. उघडणे, वाचणे, लिहिणे आणि बंद करणे या नेहमीच्याच क्रिया तेथेही चालू लागल्या. अशा फाइलमध्ये मजकूर साठवलेला नसतो. असतात ते दोन क्रमांक. पहिल्यावरून कोणत्या ड्रायव्हरला बोलवायचे ते कळते, दुसऱ्यावरून त्याच्या ताब्यातील नेमके उपकरण.

1974 मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात या दोघांनी त्याचे तीन लाभ सांगितले. फाइल व उपकरण यांच्याशी होणारा व्यवहार शक्य तितका सारखा राहतो. फाइलचे नाव मागणाऱ्या प्रोग्रॅमला उपकरणाचे नाव देता येते. आणि फाइलचे रक्षण करणारी परवानगीची व्यवस्थाच उपकरणाचेही रक्षण करते. तिसरा लाभ आज विशेष मोलाचा आहे. लिनक्समध्ये कॅमेराही याच डिरेक्टरीत दिसतो, आणि तो कोणी उघडावा याचा पहिला निर्णय फाइलच्या परवानगीवरच होतो.

परंतु सगळीच कामे वाचणे-लिहिणे यांत बसत नाहीत. सीडी बाहेर काढणे वा कॅमेऱ्याच्या चित्राचा आकार ठरवणे, हे ना वाचन ना लेखन. अशा कामांसाठी 1979 च्या सातव्या आवृत्तीत 'आयऑक्टल' ही मागणी आली. आज्ञेचा एक क्रमांक आणि सोबत माहितीचा पत्ता द्यावयाचा. त्याचा अर्थ बहुधा त्या त्या ड्रायव्हरने लावावयाचा. सोय झाली, पण मुख्य दाराशेजारी एक चोरदारही उघडले. प्रत्येक ड्रायव्हर आपली बोली बोलू लागला. 32 बिटांचा जुना प्रोग्रॅम 64 बिटांच्या कर्नलवर आला की माहितीची मापे जुळेनात. त्यासाठी भाषांतराची निराळी तजवीज करावी लागली. आलेली माहिती ड्रायव्हरने नीट तपासली नाही, तर सुरक्षेलाही तेथूनच भगदाड पडते.

बेल लॅब्जमध्येच पुढे घडलेल्या 'प्लॅन नाइन' या प्रणालीने आयऑक्टलला फाटा दिला. तेथे उपकरणाला नियंत्रणाची एक स्वतंत्र फाइल असते आणि तीत आज्ञा साध्या शब्दांत लिहावयाच्या. रचना नेटकी होती, पण तिचा प्रसार मर्यादित राहिला. 1991 मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी आरंभलेल्या लिनक्सने आयऑक्टल ठेवले. मात्र कर्नल बदलल्यामुळे वापरकर्त्याचा चालू प्रोग्रॅम मोडता कामा नये, हा दंडक कसोशीने पाळला.

या दंडकाची किंमतही मोठी आहे. एकदा दिलेली मागणी सहसा परत घेता येत नाही. घाईत ठरवलेला एखादा क्रमांक पुढच्या पिढीतील अभियंत्यालाही सांभाळावा लागतो. म्हणून नवी मागणी जोडण्यापूर्वी जाणता रचनाकार प्रथम एवढेच पाहतो, की हे काम साध्या वाचन-लेखनाने होईल काय? होत असेल, तर नवा शब्द तो देत नाही.