थोमाला नावं ठेवण्याआधी

मंडळी, आज जरा भांडायचंच आहे.

सातारा असो की सांगली, ईस्टरनंतर थोमावर उपदेश निघाला की बिचाऱ्याची धुलाई ठरलेली! मग तात्पर्य : शंका घेणं म्हणजे पाप. मी जन्मभर शाळेत शिकवलं. सगळा वर्ग एका सुरात "समजलं बाई" म्हणाला की मला धास्ती वाटायची. हात वर करणारं पोर निदान धडा ऐकत तरी असायचं.

योहानाचं शुभवर्तमान नीट वाचा. बाकीच्या शिष्यांना प्रभूने हात आणि कूस आधीच दाखवली होती. थोमाने त्यांच्याहून जास्त काय मागितलं? आणि विश्वास बसलेला नसतानाही तो आठ दिवस त्यांच्यातच राहिला. कुणी त्याला हाकललं नाही. आज आपल्या मंडळीत असा माणूस आठ दिवस टिकेल का?

गिदोनाने लोकरीची खूण एकदा सोडून दोनदा मागितली. देवाने दोन्ही वेळा दिली. मार्कातल्या त्या आजारी मुलाच्या बापाने विश्वास आणि अविश्वास दोन्ही एका दमात कबूल केले. प्रभूने आधी त्याची परीक्षा घेत न बसता मुलाला बरं केलं.

न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे प्रभूच म्हणाला ना, असं कुणी म्हणेल. म्हणाला, खरंच. पण आधी जखमा दाखवल्या, मग म्हणाला. आपण जखमा झाकतो आणि नुसतं वाक्य ऐकवतो!

आपल्याच माणसांकडे बघा. ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. नवऱ्याने घेतला म्हणून त्यांनी लगेच मान डोलावली नाही. मधल्या वर्षांत त्यांनी किती सोसलं, ते 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. पुढे १९१७ साली टिळकांनी इथे साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. ज्या गावात उंबऱ्याबाहेरच्यांनाही जागा होती, त्या गावात आपण घरच्याच मुलांचे प्रश्न दडपायचे?

आपली कॉलेजात जाणारी मुलं उपासनेला का येत नाहीत, म्हणून आपण हळहळतो. त्यांनी विचारलं होतं, "प्रार्थना केली तरी आजी का गेली?" उत्तर मिळालं, "तुझा विश्वास कमी पडला." दुःखातल्या पोराला असं सांगणं हा क्रूरपणा आहे. "मलाही ठाऊक नाही, पण ये, शेजारी बस," एवढं म्हणता येत नसेल तर थोमावर बोलूच नये.

पटलं नाही तर खाली लिहा. शंका असली तर जरूर लिहा!