वाचलेले पाणी कोणाचे?

नवी मुंबईतील विद्यापीठांच्या आवारांत जलसंवर्धनाच्या विषयाला अलीकडे मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने आपल्या सातव्या निकषात पर्जन्यजलाची साठवण, विहिरींचे पुनर्भरण, टाक्या व बंधारे, सांडपाण्याचा पुनर्वापर या सोयींची विचारणा केली आणि तेव्हापासून हा विषय गुणांचा झाला. नळावर सूचनाफलक लागले, घोषवाक्यांच्या स्पर्धा झाल्या, छपरावरून खाली आलेल्या नळीची छायाचित्रे अहवालात गेली. यात वाईट काही नाही. परंतु या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि समाजवादी विचाराच्या माणसाने तोच पहिला विचारला पाहिजे. आवारात वाचलेले पाणी नेमके कोणाचे, आणि ते जाते कोठे?

हा प्रश्न समजून घेण्यासाठी आधी पाणी येते कोठून हे पाहिले पाहिजे. नवी मुंबई महानगरपालिकेची मुख्य भिस्त खालापूर तालुक्यात धावरी नदीवर बांधलेल्या मोरबे धरणावर आहे. सुमारे १९१ दशलक्ष घनमीटर साठवणक्षमतेचे हे धरण राज्याच्या जीवन प्राधिकरणाकडून महानगरपालिकेने विकत घेतले. स्वतःच्या मालकीचे धरण असणारी महापालिका म्हणून तिचे कौतुक होते, आणि ते अनाठायी नाही. खारघरच्या बाजूच्या सिडकोच्या वसाहतींना पेण तालुक्यातील हेटवणे धरणाचा आधार आहे. मोरब्याच्या पाण्याखाली खालापूरच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. हेटवण्याचे पाणी शहराकडे वाहत असताना त्याच पेण तालुक्यातील खारेपाटाच्या गावांना पिण्याच्या पाण्यासाठी वारंवार रस्त्यावर उतरावे लागले. ‘धरण उशाशी आणि कोरड घशाशी’ ही म्हण रायगड जिल्ह्यात नुसती म्हण राहिलेली नाही.

पाण्यासारखीच जमिनीचीही कथा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादण्यात आली. तिचा योग्य मोबदला मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले, आणि विकसित जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे तत्त्व त्या रक्तातून उभे राहिले. याच संपादित जमिनीतून शिक्षणसंस्थांना सामाजिक सेवेच्या नावाने सवलतीच्या दराने भूखंड मिळाले. म्हणजे नेरूळ, बेलापूर वा खारघर येथील विद्यापीठाच्या आवाराचा पाया दुहेरी सार्वजनिक देणगीवर उभा आहे. जमीन आगरी-कोळी गावांची आणि पाणी खालापूर-पेणचे. अशा संस्थेने पाणी जपून वापरणे हा तिचा सद्‌गुण नव्हे. ती तिच्यावरील कर्जाची परतफेड आहे.

आता थोडा हिशेब मांडू. भारतीय मानकांनुसार दिवसा येऊन जाणाऱ्या विद्यार्थ्यामागे रोज ४५ लिटर आणि वसतिगृहात राहणाऱ्यामागे १३५ लिटर पाणी धरले जाते. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचे उद्दिष्ट आहे माणशी ५५ लिटर. समजा, एका आवारात ५,००० विद्यार्थी दिवसा येतात आणि १,००० वसतिगृहात राहतात. दिवसाची गरज झाली ३ लाख ६० हजार लिटर. वसतिगृहाच्या १३५ लिटरपैकी ४५ लिटर केवळ शौचालयाच्या टाकीत जातात. म्हणजे हजार मुलांमागे रोज ४५ हजार लिटर शुद्ध केलेले, पिण्यायोग्य पाणी मैला वाहून नेण्याच्या कामी येते. ग्रामीण निकषाने पाहिले तर ही आठशेहून अधिक माणसांची दिवसभराची संपूर्ण गरज होय. पाण्याची विषमता उघड्या नळातच असते असे नाही. व्यवस्थित बंद होणाऱ्या नळामागेही ती दडलेली असते.

या पाण्याची बचत कशी करावी हे भूगोलच सांगतो. वाशी-नेरूळचा खाडीकाठ हा भराव घालून उभारलेला सखल प्रदेश. भरतीचे पाणी आत शिरू नये आणि पावसाचे पाणी तुंबू नये म्हणून सिडकोला तेथे धारण तलाव बांधावे लागले. अशा खाऱ्या जमिनीत खड्डा खणून पाऊस मुरवला तर तो खाऱ्या पाण्यात मिसळतो आणि बचत कागदावरच राहते. तेथे छपराचे पाणी टाकीत धरणे हाच मार्ग. याउलट खारघरच्या डोंगरपायथ्याशी, कातळाला जेथे भेगा आहेत तेथे, विहिरींचे पुनर्भरण उपयोगी पडू शकते. एक हेक्टर छपरावर २,५०० मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी हंगामात दोन कोटी लिटर पाणी हाती येते. चार महिन्यांवर वाटले तर रोजचे दीड लाख लिटरांहून अधिक. वरील आवाराच्या गरजेचा हा बराच मोठा हिस्सा आहे. पण एवढे पाणी मेपर्यंत साठवण्याजोगी टाकी बांधणे परवडणारे नाही. म्हणून पावसाचे पाणी पावसाळ्यातच वापरावे आणि तेवढा मोरब्याचा साठा उन्हाळ्यासाठी शिल्लक ठेवावा, हेच शहाणपणाचे अर्थशास्त्र.

उन्हाळ्यात खात्रीचा झरा एकच, तो सांडपाण्याचा. पुरवलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन परत येते, आणि त्याला मृगाची वाट पाहावी लागत नाही. नवी मुंबई महानगरपालिकेने या बाबतीत केलेले काम मोलाचे आहे. तिच्या मलप्रक्रिया केंद्रांतून बाहेर पडणारे पाणी आणखी शुद्ध करून औद्योगिक क्षेत्राला पुरवण्यासाठी कोपरखैरणे व ऐरोली येथे प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभारण्यात आली. जे कारखान्याला चालते ते विद्यापीठाच्या शौचालयाला आणि हिरवळीला न चालण्याचे कारण नाही. अभियांत्रिकीचे वर्ग जेथे भरतात तेथे स्वतःच्या सांडपाण्याचे यंत्र बंद पडून राहावे, ही तर विद्येचीच नामुष्की.

परंतु खरी गोम पुढे आहे. समजा, हे सारे झाले आणि रोजचे लाखभर लिटर पाणी वाचले. त्याचे काय होते? बाजाराच्या नियमावर सोडले तर ते नव्या हिरवळीत, वातानुकूलन यंत्रणेत किंवा आणखी एका इमारतीच्या परवानगीत जिरते. संस्थेला गुण मिळतात, पाणीपट्टी थोडी घटते. दिघ्याच्या टेकडीवरील वस्तीच्या हंड्यात थेंबही वाढत नाही. त्याच दिघ्यात इलठणपाड्याला रेल्वेने ब्रिटिश काळात बांधलेले धरण आहे आणि त्याच्या आसपासच्या वस्त्यांनी पाणीटंचाई भोगली आहे. बचतीला वाटपाची जोड नसेल तर बचत ही ज्याच्याकडे आहे त्याचीच सोय ठरते. काटकसरीचा उपदेश गरिबाला आणि काटकसरीचे फळ श्रीमंताला, असा हा जुनाच व्यवहार आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, साऱ्या शहराच्या मानाने विद्यापीठांचे पाणी ते किती. गळती आणि मोठ्या गृहसंकुलांकडे आधी पाहावे. गळती रोखलीच पाहिजे, यात वाद नाही. पण विद्यापीठाचे महत्त्व त्याच्या लिटरांवर ठरत नाही. उद्याचे अभियंते, अधिकारी, वास्तुविशारद तेथे घडतात. पाण्याचा सार्वजनिक हिशेब त्यांनी तेथे पाहिला नाही, तर पुढे ते शहराला काय दाखवणार? दुसरा आक्षेप खर्चाचा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने ५०० चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवर पर्जन्यजल योजना बंधनकारक केली आहे. तेव्हा हा खर्च ऐच्छिक राहिलेलाच नाही. सवलतीची जमीन घेताना सामाजिक सेवेचा दाखला द्यायचा आणि टाकी बांधताना नफ्यातोट्याचा, हे दोन्ही एकाच वेळी चालू देता येणार नाही.

पाण्याचे न्याय्य वाटप हे स्वप्नरंजन नव्हे, याचा दाखला महाराष्ट्रानेच घालून दिला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या एकरांवर नव्हे, तर घरातील माणसांच्या डोक्यावर वाटायचे. भूमिहीनालाही त्यात हक्क असायचा. उसासारखे तहानलेले पीक घ्यायचे नाही, हे त्याचे नियम. त्याहून मागे गेले तर १९२३ साली मुंबई कायदेमंडळाने संमत केलेला बोले ठराव आहे. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या असल्या पाहिजेत, असे तो सांगत होता. तो ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. महाड आणि पनवेल हे एकाच जिल्ह्याचे तालुके. सार्वजनिक पाण्यावर सर्वांचा हक्क, ही शिकवण या जिल्ह्याला बाहेरून आणावी लागत नाही.

म्हणून मागण्या साध्या आणि मोजता येण्याजोग्या असाव्यात. प्रत्येक विद्यापीठाने आपला जलहिशेब दरवर्षी जाहीर करावा: पाणी किती घेतले, कोणत्या इमारतीत किती वापरले, किती पुन्हा वापरले. वसतिगृह, प्रयोगशाळा, उपाहारगृह आणि हिरवळ यांना स्वतंत्र मीटर असावेत. शौचालयाला व बागेला शुद्ध पाणी देणे ठराविक मुदतीत बंद व्हावे. हिशेब तपासणाऱ्या समितीत प्राध्यापकांबरोबर वसतिगृहातील विद्यार्थी, कंत्राटी सफाई कामगार आणि शेजारच्या प्रकल्पग्रस्त गावाचा प्रतिनिधी असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, आवाराने सोडलेला वाटा महानगरपालिकेने अथवा सिडकोने टंचाईच्या वस्त्यांच्या नावे वळवून तशी नोंद जाहीर करावी.

पक्षाच्या कार्यकर्त्यांनी, विशेषतः विद्यार्थी व शिक्षक संघटनांत काम करणाऱ्यांनी, हा विषय पर्यावरणवाद्यांचा म्हणून बाजूला ठेवू नये. गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्याचा प्रश्न हाती घेतला तेव्हा त्यालाही काहींनी बायकांचा किरकोळ प्रश्न म्हटले असेल. त्याच प्रश्नाने त्यांना ‘पाणीवाली बाई’ हे लोकांचे प्रेमाचे नाव दिले आणि एक लढाऊ राजकारण उभे केले. विद्यापीठाच्या माहितीफलकावर गुणवत्तेच्या श्रेणीशेजारी पाण्याचा हिशेब लावून घेणे, हे आजच्या कार्यकर्त्याचे काम आहे. तो हिशेब मागण्याचा पहिला हक्क खालापूरच्या त्या शेतकऱ्याचा आहे, ज्याची जमीन मोरब्याच्या तळाशी आहे.